लग्नाला नाही म्हटलं, मग ही फाईल: 'कपल पेपर्स' पॅकेजचा रिव्ह्यू

सर्व्हिस काय, तर दोन बायका किंवा दोन पुरुष एकत्र संसार करतायत, कायद्याने लग्न करता येत नाही, तर त्यांच्यासाठी मृत्युपत्र, पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र), नॉमिनेशन, लिव्हिंग विल (बरं होण्याची आशा संपल्यावर कुठले उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहून ठेवणं) वगैरे सगळे कागद एकाच ठिकाणी बनवून देणारं वकिलाचं पॅकेज. पुण्यात, शिवाजीनगर कोर्टाच्या जवळ, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंगचं तर नावच काढू नका. ऑफिसचं नाव टाकत नाहीये कारण वकिलांना जाहिरात करायची परवानगी नसते आणि वकील मॅडमनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलंय की कौतुक करा नाहीतर शिव्या घाला, नाव मात्र नको.

आम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या, बरीच वर्षं एकाच छताखाली. मी नोकरी करते, बाईसाहेबांचा (म्हणजे माझी पार्टनर, घरात तिला हेच म्हणतात) स्वतःचा छोटा धंदा आहे. फ्लॅट तिच्या नावावर, कारण घेताना बँकेने को-ॲप्लिकंट म्हणून मला घ्यायला नकार दिला, 'रिलेटिव्ह नाही' म्हणून. हप्ते मात्र पहिल्यापासून अर्धे अर्धे. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

फी दोघींची मिळून तीस हजारांच्या आसपास, सरकारी खर्च वेगळा. महाग वाटतंय ना? आम्हालाही वाटलं. पण हे सगळं का लागतं ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही, म्हणून आधी थोडं कोर्टाचं.

१७ ऑक्टोबर २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, सुप्रियो विरुद्ध युनियन ऑफ इंडिया, म्हणजे समलिंगी लग्नाला मान्यता द्या म्हणून केलेली केस. एप्रिल-मे मध्ये दहा दिवस सुनावणी झाली, यूट्यूबवर लाइव्ह, आमच्या घरी तेव्हा आयपीएलऐवजी कोर्ट चालू असायचं. पाच जजेस: चंद्रचूड, कौल, भट, कोहली, नरसिंहा. निकालाच्या दिवशी सगळे चॅनल 'तीन विरुद्ध दोन' असं ओरडत होते, त्यामुळे अजूनही लोकांना वाटतं की एका मताने आमचं लग्न हुकलं. तसं नाहीये. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, आणि स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये (धर्म न बघता लग्न लावणारा कायदा) कोर्ट आपल्या हाताने बदल करणार नाही, यावर पाचही जण एकमताने होते. तीन-दोन झालं ते दुसऱ्या गोष्टीवर, की लग्न नाही तर निदान अशा जोडप्यांच्या एकत्र राहण्याला सरकारने काही मान्यता द्यायची का, आणि मूल दत्तक घेताना त्यांना जोडपं म्हणून अर्ज करता यावा का. चंद्रचूड आणि कौल हो म्हणाले, बाकीचे तिघं नाही. ट्रान्स व्यक्तींचं मात्र एक बरं झालं, ट्रान्स बाई आणि पुरुष किंवा ट्रान्स पुरुष आणि बाई यांना सध्याच्याच कायद्यांखाली लग्न करता येईल हे सगळ्यांनी मान्य केलं. तुम्ही त्यात बसत असाल तर हे पॅकेज घेऊ नका, सरळ लग्न करा. मॅडमसुद्धा हेच सांगतात, स्वतःची फी बुडवून.

आता मतं. निकालावर जितकी माणसं तितकी मतं ऐकली आम्ही. माझ्या आईचं म्हणणं, कोर्टाने नाही म्हटलं तर नाही, तुमचं काय अडलंय, राहताय ना सुखाने. बाईसाहेबांचा दादा म्हणाला की बरं झालं, निदान आता पेपरात येणं बंद होईल. ऑफिसमधल्या लोकांचा ठरलेला विनोद, "अगं आम्हाला विचार लग्न करून काय मिळतं!" आमच्या ग्रुपमध्येही एकवाक्यता नाही हं, एक मैत्रीण म्हणते लग्न ही संस्थाच बायकांच्या मुळावर उठलेली, त्यात घुसायची एवढी घाई कशाला. एक मित्र म्हणतो कोर्टाचं बरोबर आहे, स्पेशल मॅरेज ॲक्टचा एक धागा ओढला की वारसा, पोटगी, घटस्फोट सगळं उसवत येतं, ते काम संसदेचं. मला याचं म्हणणं बऱ्यापैकी पटतं, खरं सांगायचं तर. लग्नाला नाही म्हटलं ते मी पचवलं. पण न्यायमूर्ती भटांनी लिहिलेला भाग, जो शेवटी बहुमताचा ठरला, तो नाही पचत. ते मान्य करतात की पीएफ, पेन्शन वगैरे गोष्टी लग्नाला बांधलेल्या असल्यामुळे आमच्यासारख्यांवर अन्याय होतो. अन्याय होतो असं म्हणायचं, आणि तो कसा दूर करायचा ते सरकारच्या कमिटीने बघावं असं म्हणून मोकळं व्हायचं! दुखणं ओळखलं पण औषध दुसरीकडे विचारा.

आणि संसद म्हणाल तर सुप्रियाताई सुळेंनी एप्रिल २०२२ मध्येच स्पेशल मॅरेज ॲक्ट बदलायचं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं) लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत पास व्हायची शेवटची वेळ १९७०. तेव्हा आमच्या दोघींपैकी कुणी जन्मालाही आलेलं नव्हतं. सुनावणी चालू असताना केंद्राने राज्यांना मत विचारलं होतं, राजस्थान, आंध्र, आसामने विरोध कळवला आणि आपल्या महाराष्ट्राने काय कळवलं, तर अजून वेळ द्या. टिपिकल.

असो. तर निकालाने 'ऑफिशियली काही नाही' असं सांगितल्यावर उरतं ते हे पॅकेज.

गंमत म्हणजे मॅडमच्या ऑफिसात जी चेकलिस्ट हातात देतात ती आणि चंद्रचूडांनी आपल्या निकालात कमिटीने काय काय बघावं म्हणून दिलेली यादी, दोन्ही जवळपास एकच. रेशन कार्ड, जॉइंट अकाउंट, नॉमिनी, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी कुणाला विचारायचं, मृतदेह कुणाच्या ताब्यात द्यायचा, वारसा, इन्कम टॅक्स, ग्रॅच्युइटी, फॅमिली पेन्शन, इन्शुरन्स. मी विचारलं तर म्हणाल्या, "हो मग, तिथूनच घेतलीये, एवढी चांगली यादी फुकट कोण देतं?" बाई मला तिथेच आवडली.

आता एकेक कागद.

मृत्युपत्र, इथे पाचपैकी पाच. न केलं तर काय होतं हे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वकमाईची मिळकत आधी आई-वडिलांना, ते नसतील तर वडिलांच्या वारसांना, म्हणजे भाऊ, पुतणे असं करत करत जाते. पार्टनरचा नंबर लागत नाही, कधीच नाही. बाईसाहेबांनी हे ऐकलं आणि दादाचा चेहरा आठवून लगेच म्हणाल्या, ड्राफ्ट करा. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही, पण आमच्यासारख्यांनी करायचंच कारण पुढे नातेवाईक 'दबाव टाकून लिहून घेतलं' म्हणून कोर्टात जाऊ शकतात. महाराष्ट्रात रजिस्ट्रेशनची फी १०० रुपये. शंभर! एवढ्याशा पैशात एवढं भक्कम दुसरं काही मिळत नाही या देशात. साक्षीदार दोन, आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळणार नाही असेच घ्यायचे. मॅडमनी वर डॉक्टरचं सर्टिफिकेट लावलं की दोघी शुद्धीत आहेत, आणि सही करतानाचं व्हिडिओ शूटिंग पण केलं. जरा जास्तच वाटेल, पण दादा नावाचा प्राणी ज्यांच्या घरात आहे त्यांना कळेल.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात मात्र अर्धा दिवस मोडला. टोकन, फोटो, अंगठे, सर्व्हर डाऊन, परत अंगठे. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने बाईसाहेबांना विचारलं, "मॅडम, या तुमच्या कोण लागतात?" बरोबर आलेल्या ज्युनिअर वकील मुलीने जागेवरून न उठता सांगितलं, "मृत्युपत्रात नात्याचा कॉलम नसतो दादा, पुढे घ्या." या ज्युनिअरसाठी एक्स्ट्रा अर्धा स्टार.

नॉमिनेशन. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि तो ऑफिसने नीट दूर केला. नॉमिनी म्हणजे मालक नाही, नॉमिनी म्हणजे वारस ठरेपर्यंत पैसे सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच परत सांगितलं. सोसायटीतही तेच, फ्लॅटला नॉमिनी म्हणून माझं नाव लागलं तरी बाईसाहेबांच्या पश्चात मी फक्त प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती मेंबर, फ्लॅट कुणाचा ते मृत्युपत्र ठरवणार. म्हणून दोन्ही कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी फॉर्म घेतला, चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याच्या टँकरच्या वर्गणीचा विषय काढला. चालेल, हे सगळ्यात उत्तम रिॲक्शन्सपैकी एक होतं.

बँकेचं सोपं. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणि मग २८ तारखेला केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने कळवलं की एलजीबीटीक्यू व्यक्तींना जॉइंट खातं उघडायला आणि पार्टनरला नॉमिनी करायला काही अडचण नाही. यावर पेपरात 'समलैंगिक जोडप्यांना दिलासा' वगैरे मथळे आले. अहो, पण बंदी होती कधी? मी आणि आमचा दूधवाला उद्या गेलो तरी जॉइंट खातं उघडता येतं! तरी एक मान्य करते, त्या पत्राची प्रिंट फाईलला लावलेली होती म्हणून आमच्या ब्रँचमधला माणूस 'रिलेशनशिप प्रूफ आणा' म्हणायचा थांबला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, मॅडमनी तेही अपडेट करून दिलं, वेगळे पैसे न घेता.

इन्शुरन्समध्ये पेच आहे. इन्शुरन्स ॲक्टप्रमाणे आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर पैसे त्यांचेच होतात, बाकी कुणालाही केलं तर तो नुसता पैसे घेणारा, खरे हक्कदार वारस. म्हणजे परत मृत्युपत्र. आणि मेडिक्लेम? दोघींची वेगवेगळी पॉलिसी, कारण फॅमिली फ्लोटरच्या (सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी) 'फॅमिली'त आम्ही बसलो नाही. काही मोठ्या कंपन्या आपल्या स्टाफच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये पार्टनर घेतात, माझी घेत नाही.

पीएफ हा या पॅकेजमधला भोपळा, पण त्यात ऑफिसचा दोष शून्य. नियमच असा की तुम्हाला 'फॅमिली' असेल तर नॉमिनी फॅमिलीतलाच पाहिजे, आणि अविवाहित बाईची फॅमिली म्हणजे अवलंबून असलेले आई-वडील. माझी आई माझ्यावर अवलंबून आहे, म्हणून बाईसाहेबांचं नाव लावलं तर ते नॉमिनेशनच बाद. आई नसती तर लावता आलं असतं. हे वाक्य वकिलाच्या तोंडून शांतपणे ऐकताना कसं वाटतं ते लिहीत नाही. आईला घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "मग मला आलेले तिला देईन की, त्यात काय," आणि कुकर लावायला गेली. ग्रॅच्युइटीचंही असंच.

आता हॉस्पिटल. पॅकेज घेताना आमच्या डोक्यात हेच सगळ्यात वर होतं. दोघींपैकी एक आयसीयूत आणि दुसरी बाहेर 'नातेवाईक कोण आहे?' ऐकत उभी, ही भीती आमच्यासारख्या प्रत्येकाला असते. इथे ऑफिसने मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नी करून दिली, ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरी केलेली, दिसायला एकदम भारदस्त. पण मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी देणारा माणूस विचार करायच्या अवस्थेत नसेल तर ती चालत नाही. म्हणजे तुम्ही बेशुद्ध झालात की तुमच्या पॉवर ऑफ ॲटर्नीची पॉवर पण बेशुद्ध. नेमकी गरज असते तेव्हाच! कोमात गेलेल्या नवऱ्याचे व्यवहार बघायला लग्नाच्या बायकोलाही हायकोर्टात जाऊन गार्डियनशिप आणावी लागते, हेही त्यांनी सांगितलं, त्यामुळे हा नुसता आमच्यावरचा अन्याय नाही. फरक एवढाच की बायकोला आयसीयूच्या दारात कुणी अडवत नाही.

मग कागद कशाला? कारण, मॅडमच्या भाषेत, "हॉस्पिटलचा ॲडमिन कायदा वाचत नाही, स्टॅम्प बघतो." बाईसाहेबांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला तो खरंच चालला, म्हणजे ती स्वतः शुद्धीत होती, तिची सही होतीच, पण खाली नातेवाईकाच्या जागी मी सही केली आणि कागद पुढे केला तर कुणी तोंड उघडलं नाही.

त्याच्याबरोबर लिव्हिंग विल. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, जानेवारी २०२३ मध्ये नियम सोपे केले, आता मॅजिस्ट्रेट लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो, आणि आपल्या वतीने निर्णय घ्यायला एकापेक्षा जास्त माणसांची नावं देता येतात. आम्ही एकमेकींची दिली आणि दुसरं नाव एका मैत्रिणीचं. पण लिव्हिंग विल केव्हा लागू, तर माणूस बरा होण्याची आशा संपल्यावर. पाय मोडला तर नाही.

एक सुखद धक्का होता तो मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ चा. त्यात 'नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणून कुठल्याही सज्ञान माणसाचं नाव देता येतं, साध्या कागदावर, सही करून. नातं विचारत नाही, स्टॅम्प मागत नाही. म्हणजे मन आजारी पडलं तर माझी पार्टनर माझ्या वतीने बोलू शकते, किडनी आजारी पडली तर बघू. ज्याने तो कायदा लिहिला त्याला बाकीचे सगळे लिहायला द्या राव.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल मला काय खटकतंय. ही फाईल म्हणजे गोधडी आहे, ठिगळं चांगली आहेत, शिलाई पक्की आहे, पण ती पांघरायची कधी, तर मेल्यावर. मृत्युपत्र, नॉमिनी, लिव्हिंग विल. सरकारचंसुद्धा तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा पार्टनरला मृतदेह ताब्यात घेता यावा. परत वाचा, 'नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा'. दादा उपलब्ध असेल हो, त्या दिवशी तो शंभर टक्के उपलब्ध असेल. जिवंत माणसांसाठी म्हणून सरकारने काय दिलं, तर आमच्या त्या जॉइंट खात्याशिवाय रेशन कार्ड, एका घरात राहणाऱ्या पार्टनरना एकच कुटुंब धरा असं राज्यांना पत्र गेलंय. आम्ही रेशन घेत नाही, पण जे घेतात त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे, त्याला नावं ठेवणार नाही.

जिवंतपणी मला बाईसाहेबांकडून काय हवंय, तर अर्धा फ्लॅट माझ्या नावावर, कारण अर्धे हप्ते माझे आहेत. आणि इथे ते ऑफिसमधल्या विनोदाचं उत्तर येतं, लग्न करून काय मिळतं ते. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मूळ स्टॅम्प ड्युटी २०० रुपये. आम्ही दिलं तर विक्रीसारखी, म्हणजे पुण्यात साधारण सहा-सात टक्के. समजा अर्ध्या फ्लॅटचे चाळीस लाख धरले तर दोन लाख ऐंशी हजारांपर्यंत तिथेच गेले. वर इन्कम टॅक्स. 'रिलेटिव्ह' सोडून कुणाकडून पन्नास हजारांच्या वरची मिळकत फुकट मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात, १९६१ च्या इन्कम टॅक्स ॲक्टचं कलम ५६(२)(एक्स). तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर बाराएक लाख. आता रिलेटिव्हमध्ये कोण कोण येतं माहितीये? नवरा-बायको, भाऊ-बहीण तर आहेतच, मावशीचा नवरा येतो, आणि साडू पण येतो! साडूने फ्लॅट दिला तर टॅक्स नाही. जन्मात कुणाच्या साडूने कुणाला फ्लॅट दिलाय का? पण कायद्याने सोय करून ठेवलीये. जिच्याबरोबर मी रोज जेवते तिने दिला तर बारा लाख.

आणि हाच फ्लॅट तिने मृत्युपत्राने दिला तर शून्य टॅक्स. मेल्यावर फुकट, जिवंतपणी पंधरा लाख. बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे सरकारच्या मते मी मेलेलीच तुला परवडते." मॅडमना हसू आवरेना, ज्युनिअर पण हसली, आम्हीही हसलो, पण घरी येताना रिक्षात कुणी बोललं नाही.

बरं, मी देत आलेल्या हप्त्यांचं काय? तेही तसं बघितलं तर मी परक्या बाईला दरवर्षी दिलेले पैसेच. म्हणून मॅडमनी आमच्यात लोन ॲग्रीमेंट केलं, बिनव्याजी. म्हणजे कागदावर मी बाईसाहेबांची सावकार आहे. भांडण झालं की आता ती मला सावकारीणबाई म्हणते.

पॅकेजमध्ये 'सहजीवन करार' म्हणून एक कागद आहे, खर्च कोण किती करणार, वेगळं झालो तर सामान कुणाचं वगैरे. तो घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मद्रास हायकोर्टात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांच्या कराराची नोंद व्हायची सोय करता येईल का असं तामिळनाडू सरकारला सुचवलं होतं, 'डीड ऑफ फॅमिलियल असोसिएशन' म्हणून. मे २०२५ मध्ये त्याच हायकोर्टाच्या दुसऱ्या बेंचने दोन बायकांच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलं की कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही. मॅडम ती ऑर्डर फाईलला लावून देतात. महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण पोलीस चौकीत वगैरे दाखवायला बरी, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते हा सहजीवन करार सध्या मनाच्या समाधानाचा आहे, फी कमी करायची असेल तर हा वगळा.

सर्व्हिसबद्दल तक्रारी पण लिहिते, नाहीतर वाटेल मॅडम माझी मावशी आहे. वेळ पाळत नाहीत. अकराची अपॉइंटमेंट म्हणजे कोर्टातून सुटतील तेव्हा. पहिल्या ड्राफ्टमध्ये माझं नाव आणि आईचं नाव यांची अदलाबदल झाली होती, कारण कुणाच्या तरी जुन्या मृत्युपत्रावरून कॉपी-पेस्ट केलेलं, ते मीच पकडलं. म्हणजे तीस हजार देऊन प्रूफरीडिंग ग्राहकाने करायचं. सगळं इंग्रजीत असतं, मराठीत हवं असेल तर जास्तीचे पैसे, पुण्यात! आणि त्यांनी ज्या नोटरीकडे पाठवलं त्या गृहस्थांनी 'मिस्टर कुठायत?' असं दोघींना एकामागून एक विचारलं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी नोटरी बदलला, हे क्रेडिट देते.

फॉलोअप मात्र छान आहे. ९ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने रिव्ह्यू पिटिशन्स (त्या निकालाचा फेरविचार करा म्हणून केलेले अर्ज) फेटाळल्या तेव्हा त्यांचाच मेसेज आला. ओपन कोर्टात सुनावणी नाही, चेंबरमध्येच निकाल, आणि मूळ पाच जणांपैकी बेंचवर एकटे नरसिंहा उरलेले, बाकी सगळे तोवर रिटायर झालेले. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, "फाईल जपून ठेवा, लागणार आहे." सांत्वन करायची त्यांची हीच पद्धत असावी. केंद्राने कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली ती कमिटी एप्रिल २०२४ मध्ये नेमली, त्यातून ही वर सांगितलेली पत्रं निघाली. पीएफ आणि इन्कम टॅक्सची तेवढी आमच्या फाईलला लावायला अजून मिळालेली नाहीत.

कुणी घ्यावं? दोघांपैकी एकाच्या नावावर घर असेल, घरचे विरोधात असतील, किंवा वय पन्नाशीकडे चाललं असेल तर डोळे झाकून घ्या. पंचविशीतली भाड्याच्या घरात राहणारी जोडपी असाल तर आत्ता पूर्ण पॅकेज नको, साधं मृत्युपत्र, बँकेचे नॉमिनी आणि तो साध्या कागदावरचा मेंटल हेल्थवाला फॉर्म एवढं करा, कमी पैशांत भागेल. मूल दत्तक घ्यायचं असेल तर इथे काही मिळणार नाही, जोडपं म्हणून अर्ज करता येत नाही, एकीने सिंगल म्हणून केला तरी दुसरी कायद्याने कुणीच नाही. पुरुष जोडप्यांना तर सिंगल पुरुष म्हणून मुलगी दत्तक मिळत नाही, मुलगाच. तेवढ्यासाठी तीस हजार घालवू नका.

ऑफिसला पाचपैकी चार. एक कापला तो वेळ आणि त्या कॉपी-पेस्टसाठी.

ता.क. मुंबईतल्या एका जोडप्याने त्या ५६(२)(एक्स) ला बॉम्बे हायकोर्टात आव्हान दिलंय, की 'स्पाऊस'मध्ये (म्हणजे नवरा-बायकोत) आम्हालाही धरा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने नोटीस काढली. मॅडमनी आमच्या बक्षीसपत्राचा ड्राफ्ट आत्ताच तयार करून ठेवलाय, त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नाहीत. आणि ती केस जिंकली तरी सुटेल फक्त इन्कम टॅक्स, स्टॅम्प ड्युटी पूर्णच भरायची आहे, हे त्यांनी दोनदा बजावून सांगितलंय.